खरखर काढायचं सॉफ्टवेअर

२ फेब्रुवारी २००४, सोमवार
कॉम्प्युटर आला. हॉलमधली एक खुर्ची माळ्यावर टाकली, तिच्या जागी टेबल बसलं. घरात एकच माणूस असला की जागेचे प्रश्न असे चटकन सुटतात.

बायको, साळू, भोसरीला मुलाकडे, भरतकडे जाऊन अकरा महिने झाले. सुनेच्या बाळंतपणाला म्हणून पंधरा दिवसांसाठी गेली होती. बाळ आता धरून उभं राहतं. माझी तक्रार नाही. रेकॉर्डिंगच्या कामाला घरात शांतता लागतेच.

संकल्प : १९९१च्या यात्रेची कॅसेट कॉम्प्युटरवर घेणे, साफ करणे, सीडी करून यात्रा कमिटीच्या हातात ठेवणे. बोरीच्या घाटात, बैलगाडे पळतात त्या चढणीवर, शर्यतीचा माइक बावीस वर्षं माझ्याकडे होता. गेल्या वर्षी काढून घेतला आणि सूरज नावाच्या पोराला दिला. कारण अगदी किरकोळ. गाडा सुटला, बैल चौखूर उधळले आणि मी म्हणालो, घोडेगावमार्गे भीमाशंकर गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे. एसटीच्या कंट्रोल रूममध्ये दिवसभर दुसरं काय बोलतो? सगळा घाट हसला. दोन म्हाताऱ्या पिशव्या घेऊन उठल्यासुद्धा.
दोष अ‍ॅम्प्लिफायरचा होता.

८ फेब्रुवारी, रविवार
साळूचा फोन. यात्रेला येणार का, हे मी विचारलं नाही. तीच म्हणाली, तुमी बोलणार असाल घाटात, तर येते. त्या सूरजचं ऐकायला कोण येतंय येवढ्या लांब? वर म्हणाली, आन आले म्हंजे काय लगीच जात न्हाई.
मला काही फरक पडत नाही. पण सीडी मार्चमध्ये तयार पाहिजे.

१० फेब्रुवारी
नारायणगावात सलीमभाईच्या कॅसेटच्या दुकानात गेलो. त्याने एक सीडी दिली, आत आवाज कापायची-जोडायची आठ सॉफ्टवेअरं. म्हणाला, अण्णा, कुठलंबी घ्या, समदी कापत्यात. मी म्हणालो, हे न्हाव्याने बोलायचं वाक्य आहे. शास्त्रशुद्ध निवड करणार. आठ दिवस, आठ सॉफ्टवेअरं, गुण शंभरपैकी.

१४ फेब्रुवारी
पहिलं : उघडलं की सांगतं, तुमचे आता इतके दिवस उरले. रोज एक कमी करून सांगतं. या वयात असलं घरात नको. बाद.

२२ फेब्रुवारी
(मधले दिवस डबल ड्युटी. माझा दोष नाही.)
दुसरं : सगळं करू देतं, सेव्ह करू देत नाही. अख्खा रविवार स्वतःचा आवाज घेऊन काम केलं, शेवटी म्हणालं, आधी विकत घ्या. बाद.
तिसरं : चौसष्ट ट्रॅक. म्हणजे चौसष्ट माणसं एका वेळी बोलू शकतात. माणसं कुठून आणायची ते मॅन्युअलमध्ये दिलेलं नाही. बाद.
साळूचा फोन आला असेल. हेडफोनमुळे ऐकू आला नाही.

२९ फेब्रुवारी, रविवार
चौथं जर्मन बोलतं. बाद.
पण कॅसेट एकदाची कॉम्प्युटरवर घेतली. तेरा वर्षांनी ऐकली. निराशा. त्या वर्षी टेपरेकॉर्डर साळूच्या मांडीवर होता. ती बायकांत बसलेली, मी लांब, कर्ण्यातून. म्हणजे तिचा आवाज कानाशी आणि माझा पलीकडच्या गावातून आल्यासारखा. वर तिची बडबड थांबत नाही. शेजारच्या चिमाबाईला म्हणते, पानी दिलं का गं कुनी यान्ला? घसा बसंल. पुढे म्हणते, आता बघ, म्हनत्याल, भंडाऱ्यानं आभाळ पिवळं झालं. आणि लगेच लांबून मी म्हणतो, भंडाऱ्यानं आभाळ पिवळं झालं! चिमाबाई हसते, म्हणते, अगं साळे, तूच का न्हाई बोलत माइकवर?
एकदा नाही, सात वेळा. माझं प्रत्येक वाक्य माझ्याआधी.
निष्कर्ष : कॅसेटमध्ये नॉइज फार आहे.

७ मार्च
पाचव्यात नॉइज काढायची सोय आहे! जिथे नुसती खरखर असेल तेवढा तुकडा त्याला नमुना म्हणून दाखवायचा. मग तसलं जे जे सापडेल ते सगळीकडून उपटून काढतं. माझ्या कॅसेटमध्ये नुसती खरखर कुठेच नाही. मी गप्प आहे तिथे साळू बोलतेय. सलीमभाईला विचारलं. म्हणाला, अण्णा, भाभींचा आवाज नमुना म्हणून देताय? इचार करा राव. मी म्हणालो, तांत्रिक बाबींत भावना आणू नये.

१४ मार्च, रविवार, सकाळी १०
दिला.

सकाळी ११.३०
यश! साळू गेली. चिमाबाई गेली. पोरं, पिपाण्या, सगळा घाट गेला. आता मीच मी. आवाज थोडा रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येतो, पण त्यामुळे भारदस्त वाटतो. सुरुवातीची तीन मिनिटं ती एकटीच बोलत होती, तिथे आता नुसती शांतता. तीही कापली.
सेव्ह करताना विचारलं, आधीची फाइल पुसू का? बऱ्याच दिवसांनी या घरात कोणी मला काही विचारलं. हो म्हणालो.

१७ मार्च
भरतकडे सीडी वाजत नाही, फक्त टेप आहे. साळूला ऐकवायला हवं. मत घ्यायला म्हणून नव्हे, सहज. कोरी कॅसेट घरात नव्हती, म्हणून त्याच जुन्या कॅसेटवर नवं साफ काम उतरवलं. जुनी खरखर ठेवून करायचं काय? पुणे गाडीच्या कंडक्टरबरोबर भोसरीला पाठवली.

२० मार्च
कमिटीचे सयाजीराव सीडी ऐकून गेले. डोळे मिटून ऐकत होते. भारावले असावेत. मग म्हणाले, अण्णा, पान्यातली मोटर सुरू झाल्यागत वाटतंय, तुमीच हाय ना ह्यात? आन लोकं कुठं गेली? घाटात कोनी नव्हतं व्हय त्या वर्सी?
उत्सवाच्या गडबडीत लोकांचा कान तयार राहत नाही. माइक सूरजकडेच. माझ्याकडे गाडामालकांना नारळ देण्याचं काम. मानाचं आहे.

२१ मार्च, रविवार
साळूचा फोन. कॅसेट ऐकली म्हणाली. विचारलं, चिमाबाईचं हसनं कुठं गेलं? मग म्हणाली, आन मी? मी तिला नॉइज रिडक्शन समजावून सांगितलं. सोप्या भाषेत सांगितलं. पलीकडून फक्त बाळाचं रडणं येत होतं. लाइन खराब असावी.
मग म्हणाली, चांगलं झालंय. एकट्याचं लई चांगलं झालंय.
यात्रेच्या दिवशी बाळाला डोस द्यायचा आहे म्हणे. माइकचं मी सांगितलंच नाही. गरज पडली नाही.

४ एप्रिल, रविवार
फोन आला नाही. हेडफोन काढून बसलो होतो.

१२ एप्रिल, सोमवार, यात्रा
नारळ दिले. सूरज बरा बोलतो. एकदा म्हणाला, भंडाऱ्यानं आभाळ पिवळं झालं. वाक्य माझं. मी मागे वळून बायकांच्या बाजूला पाहिलं. चिमाबाईशेजारी दुसरीच कोणी बसली होती.

१३ एप्रिल, संध्याकाळी ६
कंडक्टरने कॅसेट परत आणून दिली. साळूने पाठवली. चिठ्ठी नाही.
नाही म्हणता म्हणता लावली. माझं रांजणातलं भाषण संपलं. बंद करायला उठलो, तोवर खरखर आली. हिशेब असा की मी तीन मिनिटं कापली होती, म्हणून जुन्या रेकॉर्डिंगचं शेपूट कॅसेटवर तसंच राहिलं. तीन मिनिटं पाखरं, धूळ, पांगणारी माणसं. अगदी शेवटी, कानाशी, साळू :
झालं बाई. ब्येस बोलले. चला, भूक लागली आसंल त्यान्ला.
टक.

१८ एप्रिल, रविवार
संकल्प : आज फोन आला की स्पष्ट शब्दांत 'ये' म्हणायचं.
आला नाही. आपण करायला हरकत नाही, पण रविवारी लाइनी फार बिझी असतात. पुढच्या रविवारी बघू. त्या दिवशी बहुतेक ड्युटी आहे.

सॉफ्टवेअरची निवड मात्र पूर्ण झाली. सहावं उघडलंच नाही, आठव्याची गरज उरली नाही. सातवं. त्याला खरखर काढता येत नाही, मराठी नाही, आवाजाचं चित्रही वाकडं दिसतं. शंभरपैकी एकवीस. पण एक बटण आहे. ते दाबलं की निवडलेला तुकडा आपला आपण पुन्हा पुन्हा वाजत राहतो.
दुपारपासून कॅसेटचं शेपूट चालू आहे. नुसतं टेस्टिंग.