माझ्या फुप्फुसाची विल्हेवाट

मी, नंदाबाई भ्र. कचरू दांडगे, वय अंदाजे एकोणपन्नास, शिक्षण सातवी पास, धंदा पूर्वी कारखान्यात मजुरी, हल्ली खोकणे, मूळ राहणार धावडा, तालुका भोकरदन, हल्ली मुक्काम जालना, राजीखुशीने लिहून ठेवते ते असे की, आज मी पूर्ण शुद्धीत आहे. नशापाणी केलेले नाही, कोणाचे दडपण नाही. दम पुरत नाही, अक्कल पुरते. या कागदातले कायद्याचे शब्द माझ्या वकीलबाईंनी घातले आहेत. टोमणे माझे आहेत, ते कोणी काढू नयेत.

कलम १. जालन्यातली खोली व तिच्यापुढची मोकळी जागा माझ्या नावावर असून माझ्या मजुरीतून घेतलेली आहे. ती माझ्या पश्चात आमचे मालक कचरू यांनी हयातभर वापरावी व त्यानंतर मुलगा मच्छिंद्र याच्याकडे जावी. मच्छिंद्रने खोलीवर सिमेंटचे पत्रे टाकू नयेत. त्यात काय असते ते मी आत बाळगून आहे. लोखंडी टाकावेत. तापले तर तापले.

कलम २. पितळी हंडा थोरल्या जाऊबाई गोजरबाई यांना द्यावा. या हंड्यावरून आमच्यात वाटणीपासून वाकडे आहे. घ्या एकदाचा. पण नंदा हरली असे पाणवठ्यावर सांगत फिरू नये. गळ्यातले मणी सुनेचे, ज्या दिवशी सून येईल त्या दिवशी.

कलम ३. आजाराबाबत. एमआयडीसीतल्या एका गाळ्यात मी सत्त्याऐंशी सालापासून काम केले. कारखान्याचे नाव दाव्याच्या अर्जात आहे, इथे लिहून कागद बाटवीत नाही. तिथे रोलिंग मिलच्या भट्ट्यांच्या दारांना लावायची दोरी वळत. ती ॲस्बेस्टॉसची. दिसायला कापूस, जातीचा दगड. आम्ही बायका गोण्या झटकायचो आणि धागा पिळायचो. सुट्टी झाली की एकमेकींकडे बघून हसायचो, कारण सगळ्या पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या दिसायचो. औरंगाबादच्या छातीच्या डॉक्टरांनी सांगितले की तोच धागा फुप्फुसात बसला आहे. कारखान्याचे म्हणणे, बाईला टीबी आहे. मागे एकदा टीबीच्या गोळ्या घेतल्या होत्या, त्याचा डाग छातीच्या एक्स-रेच्या फोटोत दिसतो, त्यामुळे त्यांचे बरे फावले.

गल्लीत मी अजून दमाच सांगते. टीबी म्हटले तर मच्छिंद्रला मुलगी कोण देणार, आणि ॲस्बेस्टॉस म्हटले तर कोणाला ते शिवीसारखे वाटते.

कलम ४. वकिलाबाबत. कारखान्यावर भरपाईचा दावा लावायचा ठरल्यावर आम्ही मुलगी पाहायला जावे तसे वकील पाहत हिंडलो. मालक पुढे, मी मागे, एक्स-रेची पिशवी काखेत. पायऱ्या चढले की मला ढास लागायची आणि पक्षकार मंडळी पदर, रुमाल नाकाला लावायची. इतकी लाज मला लग्नात मांडवात बसतानाही वाटली नव्हती.

पहिले भालचंद्र वकील. दांडग्यांचे बांधाचे दावे त्यांनीच चालवले, म्हणून आमच्याकडे वकील म्हणजे तेच. त्यांनी मालकांकडे बघून विचारले, "काय कचरू, बाईला काय होतंय?"

मी म्हटले, "बाई इथंच बसलीय, साहेब."

"बिडी ओढतात का?" हेही मालकांनाच.

"मी ओढतो जी," मालक म्हणाले.

"मग! घरातच धूर आहे की."

त्यांच्या डोक्यावर भिंतीला आमच्याच कारखान्याचे कॅलेंडर होते. मी बोट दाखवले. ते म्हणाले, "त्यांचंही कामकाज मीच बघतो. तेव्हा तुम्ही आलाच नव्हता असं समजू." त्यांच्याकडचा अर्धा कप चहा मी ठेवून आले होते. तो या कलमान्वये त्यांचा त्यांना परत.

दुसरे मालकांचे मावसभाऊ भुजंग. हे अपघाताचे दावे करतात. नातलग वकील सोडून परक्याकडे जायचे म्हणजे सोयरीक मोडल्यासारखे, म्हणून पिशवी त्यांच्या हवाली केली. ती उन्हाळाभर त्यांच्या स्कूटरच्या डिकीत राहिली आणि फोटो पापडासारखा वळला. विचारायला गेलो तर म्हणतात कसे, "वहिनी, तुम्ही टेम्पोखाली आल्या असत्या ना, तर बिलकुल टेन्शन नव्हतं."

मी म्हटले, "थांबा भावजी, दम घेते अन् रस्त्यावर जाऊन पडते."

"तसं न्हाई म्हणून राह्यलो मी. टेम्पोला नंबर असतो. तुमच्या खोकल्याला नंबर हाय का?"

भुजंग भावजींना मी ती पिशवी देते. रिकामी.

तिसऱ्या उमाताई परतूरकर. या बदनापूरहून रेल्वेने येतात, कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसतात. मालकांचे मत, बाई वकील आणि तीही नवी, जज ऐकणार नाही. मी म्हटले, माझे तरी कोण ऐकते, दोघी मिळून ओरडू. त्यांनी मालकांना चहा सांगायला पाठवले आणि मला विचारले. कामावर कधी लागले, तोंडाला काय बांधायचे, झटकलेल्या गोण्या कुठे जायच्या. मग डॉक्टरांचे कागद वाचले आणि पेनचे टोपण काढत, घालत बसल्या.

मी म्हटले, "बोला की. फीचं काय?"

"फीचं नाही, मावशी. फोटोत टीबीचा डाग आणि हे धाग्याचं, दोन्ही मिसळलंय. कारखाना टीबीच म्हणत राहणार. फुप्फुसाचा तुकडा काढून तपासला तर सिद्ध होईल. पण तुमची तब्येत बघता ते झेपणार नाही, असं डॉक्टरांनी लिहिलंय."

"म्हणजे मेल्यावर."

त्यांचे कान लाल झाले. खाली मान घालून म्हणाल्या, "मला विचारायला लाज वाटते हो."

मी तिथल्या तिथे वकीलपत्रावर सही केली. बाकी दोघांना कशाचीच लाज वाटली नव्हती, त्यांच्या वाट्याचीही मलाच वाटून घ्यावी लागली होती. या वकिलाने आपल्या वाट्याची आपण घेतली.

कलम ५. सबब, मी वारल्यावर माझी छाती उघडून फुप्फुस तपासावे अशी माझी इच्छा आहे. यात पहिली लाज गावाची. आमच्याकडे फाडतात ते विष घेतलेल्याला, नाहीतर विहिरीत सापडलेल्याला. म्हणून जाहीर करते की मी विष घेतलेले नाही, विहिरीत उडी मारलेली नाही आणि मालकांनी माझ्यावर कधी हात उचललेला नाही. आवाज उचलला आहे, तो मीही उचलला आहे.

दुसरी लाज अंगाची. एक्स-रेला ब्लाऊज काढायला सांगितला तेव्हा मालक भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि मी डोळे मिटले, जसे काही मी मिटले की डॉक्टरांचेही मिटतील. मेलेल्या माणसाला लाज नसते असे म्हणणाऱ्याने स्वतःची आई टेबलावर ठेवून बघावी. तेव्हा तपासणाऱ्यांत एक तरी बाई असावी. छातीपुरते उघडावे, बाकी झाकलेले राहावे. मग मला घरी आणावे आणि सवाष्ण गेली तर जे करतात ते सगळे करावे. आंघोळ, हिरवी साडी, मळवट, ओटी. टाके दिसले म्हणून बायकांनी लांबून हात जोडू नयेत.

गोजरबाईंना मी विचारून ठेवले आहे. "जाऊबाई, फाडून आणलेलीला न्हाऊ घालाल का?"

त्या म्हणाल्या, "कोणी न्हाई आलं तर मी एकटी घालते. फक्त डॉक्टरला म्हणावं, दोन टाके तोंडाला बी घाल. तेवढीच शांतता."

हंडा याच कारणासाठी दिला असे त्यांनी समजू नये. समजल्या तरी चालेल.

कलम ६. माझ्या जागेवर आता चांगुणाबाई बसते. बावीस-तेवीसची पोर, अंगावर पिणारे लेकरू आहे. ती संध्याकाळी तशीच पांढरी होऊन घरी जाते आणि त्याच पदराखाली लेकराला घेते. मी सांगितले तर म्हणाली, "मावशी, तुम्हाला टीबी हाय, म्हणून तुम्ही आम्हाला भेव दाखवता." माझ्या फुप्फुसात काय निघाले याचा कागद तिला वाचून दाखवावा. माझे तोंडचे तिला पटले नाही. दाव्यात काही मिळाले तर आधी तिचा आणि गाळ्यातल्या बाकीच्या बायकांचा छातीचा फोटो काढावा, उरले तर मच्छिंद्रचे.

कलम ७. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्राने मिळकतीची वाटणी होते, देहावर हुकूम चालत नाही. मी गेल्यावर देह मालकांचा, आणि डॉक्टर त्यांनाच विचारणार. त्यांनी नाही म्हटले तर वरची कलमे पाच आणि सहा म्हणजे नुसती बडबड. म्हणून आज दुपारी हा कागद मी त्यांना वाचून दाखवला. मध्ये दोनदा थांबावे लागले, एकदा खोकल्यामुळे.

त्यांनी बिडी काढली, माझ्याकडे बघून परत खिशात ठेवली. मग म्हणाले, "गावात म्हणतील, कचऱ्यानंच काही घातलं."

"म्हणतील."

"मच्छिंद्र माझ्याशी बोलायचा न्हाई."

"बोलंल. उशिरा बोलंल."

मग विचारले, "लई दुखंल का गं?"

"मेल्यावर काय दुखतंय?"

"तुला न्हाई म्हणत मी."

मी कागद आणि पेन त्यांच्यापुढे सरकवले. त्यांनी काय लिहायचे ते मी सांगितलेले नाही. वकीलबाईंनीही सांगितलेले नाही.

येणेप्रमाणे लिहिले ते माझे आहे, वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही: नंदाबाई कचरू दांडगे
मुक्काम जालना, दिनांक ११ डिसेंबर २००१

साक्षीदार, आम्हांसमक्ष सही झाली:
१. साहेबराव किसन खरात, शेजारी (सही)
२. सोनूबाई साहेबराव खरात (डाव्या हाताचा अंगठा)

खालील मजकूर कचरू दांडगे यांच्या हातचा:

मी ऐकले. मला कबूल आहे. दवाखान्यात मी सोता नेईन आणि होईपर्यंत दाराशी बसेन. लाज वाटते. तरी नेईन.