बंद गाडीतली आग

प्रिय ओफोसूदादा,

तामालेत बरा असशील. इकडे कुमासीत सगळे मजेत. आईचा गुडघा आता कुरकुरत नाही. रविवारी चर्चमध्ये ती चक्क नाचली. अग्निशमन दलाच्या तपास विभागात मला स्वतःचं टेबल मिळालंय. खुर्ची मात्र घरून न्यावी लागली.

काम जळक्या गाड्यांचं. फेब्रुवारीपासून एकाच बनावटीच्या तीन टॅक्स्या जळाल्या. तिन्ही उभ्या होत्या, किल्ल्या मालकांच्या खिशात. साहेब म्हणाले, कुणीतरी वायरिंगमध्ये हात घातला असेल, तसं लिही आणि फाइल मिटव. मी नाही मिटवली. राखेत बसून तांब्याच्या तारा वेचत राहिले. तिसऱ्या गाडीची आग लवकर विझली होती, म्हणून तिच्यात ते सापडलं. ब्रेकच्या तेलाच्या नळीवर बसवलेला अंगठ्याएवढा एक स्विच. त्याच्या आतला पातळ पडदा फाटला की तेल विजेच्या टोकांपर्यंत झिरपतं, आणि गाडी बंद असली तरी त्या स्विचला बॅटरीची वीज मिळत राहते. तो आतल्या आत तापतो आणि शेवटी पेटतो. दोष कारखान्यातूनच आलेला. आता तसे स्विच बदलायचा हुकूम निघालाय.

गाडी कोणती, हे तुझ्या एव्हाना लक्षात आलं असेल. अकरा वर्षांपूर्वी जळालेली मामाची टॅक्सीही त्याच बनावटीची होती.

तिचा सांगाडा अजून मामाच्या परसात आहे, कोंबड्या अंडी घालतात त्यात. मंगळवारी त्यांना हाकलून मी पुढचं झाकण उघडलं. रेडिओसाठी तू ओढलेली तार उजवीकडून जाते. वरचं आवरण जळून गेलंय, पण तांबं अखंड आहे. जिथे शॉर्ट होऊन आग लागते तिथे तांबं वितळून मणी होतात, तसा एकही मणी तिच्यावर नाही. मणी सापडले ते डावीकडे, त्या स्विचपाशी.

मामा स्टुलावर बसून बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे अकरा वर्षं मी माझ्याच भाच्याला घराबाहेर ठेवलं."

मी म्हटलं, एकट्यानं नाही. दादा, टॅक्सी जळाली त्या सकाळी अंगणात सगळे जमले तेव्हा 'काल संध्याकाळी दादानंच रेडिओ बसवला' असं मी बोलले होते. कुणी विचारलंही नव्हतं. पंधराची होते, वाटलं आपण मोठा शोध लावला. खरंच होतं ते. पण त्या एका वाक्यावर तुझ्याकडे दुरुस्तीला गाड्या यायच्या थांबल्या आणि तू उत्तरेला ट्रक भरायला गेलास. तरी दर नाताळला माझ्यासाठी तिकडच्या शिया बियांचं लोणी पाठवत राहिलास. ते हातापायांना चोळताना मला दर वेळी लाज वाटायची.

अहवालाची प्रत सोबत आहे. मामाची गाडी चौथ्या पानावर. पण नुसती प्रत पाठवून भागलं असतं. पत्र लिहितेय ते मामा शनिवारच्या बसनं तुझ्याकडे यायला निघालाय म्हणून. बसमध्ये त्याला उलट्या होतात, सत्तरी ओलांडलीय, तरी ऐकत नाही. माफी मागायची तर रीतीनं, म्हणून जिनची बाटलीही घेतलीय. म्हणतो, न कळवता गेलो तर पोरगा मागच्या दारानं निघून जाईल. त्यानंच मला लिहायला बसवलंय, आणि शेजारी बसून 'झालं का' विचारतोय. मीही त्याच्याबरोबर येतेय. हे पत्र आजच्याच बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते. तुला बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. फक्त घरी राहा, आणि उकडलेला कसावा कांडून फुफू करून ठेव. प्रवासानंतर म्हाताऱ्याला दुसरं काही चालत नाही.

तुझीच, फार बोलणारी धाकटी,
सेरवा