पाणी मागायची चाल

आईस, मार्थाचा जालन्याहून येशूच्या नावात सलाम.

फोनवर तुला ऐकू येत न्हाई आणि मी वरडले की शेजारी जमा होतात, म्हणून लिहून राह्यले. इकडं बराबर आहे. मी दोन टाइम जेवते. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊ तेल आणून देतो का?

ह्यांचा उजवा हात अजून हलत न्हाई. झटका आल्यापासून तोंडातून एक शब्द न्हाई. पाणी पाहिजे असलं तर तांब्याकडं बघतात, मी भलतंच काही देते, मंग दोघंबी चिडतो.

त्यात आपल्या मंडळीतल्या बाया. रोज संध्याकाळी प्रार्थनेला येतात, चहा पितात आणि माझा विश्वास कमी पडला म्हणून सांगून जातात. ऐतवारी पाळकबाईंनी मला चर्चमधी साक्ष द्यायला उभं केलं. नवरा बरा झाला म्हण, म्हणल्या. मी म्हणले, "झाला न्हाई. मी रोज देवाशी भांडते. दुसऱ्या कुणाशी भांडू?" आणि खाली बसले.

तरी काल बाया आल्याच. नेहमीसारखं बेसूर गीत सुरू केलं. आणि खाटेवरून ह्यांचा आवाज आला. सबंध कडवं म्हणले, शब्द न् शब्द. माझा चहा उतू गेला.

आज सकाळी त्याच चालीवर ह्यांनी पाणी मागितलं.

संध्याकाळी बाया येतीलच. दूध जास्तीचं सांगितलंय.

तूबी प्रार्थना कर, पण थोडक्यात.

तुझी,
मार्था