मागच्या खोलीतली माणसं

७ ऑक्टोबर
डिचोलीजवळच्या या लहानशा खासगी इस्पितळात आज नर्स म्हणून रुजू झाले. राहायची खोली स्वच्छ आहे, खिडकीतून पोफळी दिसतात. आया कमलाक्षीताईंनी गरम पाव नि पातळभाजी आणून दिली. इथे माझं छान जमणार!

९ ऑक्टोबर
बसस्टँडवर झोपणाऱ्या गंगाबाईंना कुणीतरी रिक्षातून आणून सोडलं. पूर्वी मोरजीत मासे विकायच्या. पायाच्या जखमेत अळ्या. चिंधी सोडली तर मूठभर अळ्या वळवळत माझ्या हातमोज्यावर आल्या. पण शिसारी आली ती त्यांची नव्हे. कमलाक्षीताईंनी नाक धरून बाईंना अंगणात बसवलं नि गाड्या धुवायच्या पाइपाने धुतलं. बाई थरथरत हात जोडत होत्या. वर गॅलरीत डॉक्टर साईश चहा पीत हसत होते.
मग दोन तास बसून मी चिमट्याने अळ्या काढल्या, पट्टी बांधली.

१० ऑक्टोबर
खाट रिकामी. कागदावर डॉक्टरांची सही: रुग्ण स्वतःहून निघून गेली. त्या पायाने? डॉक्टर म्हणाले, असली माणसं अशीच जातात, सिस्टर, तुम्ही नव्या आहात.

१२ ऑक्टोबर, दुपार
मागे कपडे धुवायची जुनी खोली. वास आला म्हणून कडी काढली. गंगाबाई! आणखी तिघं. एकच बादली, भरून वाहणारी. एकच ताट, त्यात झुरळं. कोपऱ्यातला म्हातारा मेलेला — तोंडावर माश्या — आणि बाकीचे त्याच्याच शेजारी जेवत —
 अ‍ॅम्ब्युलन्ससाठी १०८ला फोन लावला, पत्ता सांगितला. एवढ्यात मागून कमलाक्षीताईंनी फोन हिसकावला. म्हणाल्या, “खाटीर ठेवली तर बाकीचे पेशंट पळतत. रस्त्यार टाकली तर बोभाटा. हंय आपसूक मिटता.”
मला आत ढकललं, बाहेरून कडी.

त्याच दिवशी, आतून
खिशातल्या वहीत लिहितेय. हात चिकट. कशाने, बघवत नाही.

सायरन! दाराशी पावलं. कमलाक्षीताई ड्रायव्हरला सांगतायत, आत पिशी, वेडी माणसं आहेत, रोज दार बडवतात. त्याने विचारलं, कोण आहे? मी ओरडले, मी नर्स आहे!
तो हसला. “आनी हांव कलेक्टर.”

गाडी वळली — लांब गेली —
गंगाबाई माझी बाही ओढतायत. “गप रव गो. आराडलंस तर जेवाण येयत नाय.”
मी गप राहणार नाही. पुन्हा ओरडते. मी —