पिवळी पिन आणि आईचा अंगठा

बाबा, नव्या टीव्हीच्या मागे तुमच्या जुन्या व्हिडिओ गेमची पिवळी पिन लावायला जागाच नाही. टीव्ही भिंतीपासून पुढे ओढून, मोबाइलचा टॉर्च लावून, मान वाकडी होईपर्यंत मी शोधलं. सगळी भोकं चपटी. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सारून म्हणाला असता, "चपटं तं चपटं, रस्ता कुठून ना कुठून निघतेच." तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटून गेली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला मनातल्या मनातही पत्र लिहिलं नाही. वेळ नव्हता असं काही नाही. मी तुमच्यावर रागावले होते. कशावरून ते सांगते, पण आधी आईचं सांगते, कारण हे सगळं तिच्यापायी निघालं.

या थंडीत आईला झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, पायही आला, काठी घेऊन ती आता गढा मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या ओट्यापर्यंत जाते आणि भाजीवाल्याशी पूर्वीसारखीच हुज्जत घालते. हात मात्र मांडीवर पडून राहायचा, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिल्यासारखा. व्यायाम शिकवायला येणारी दीदी रबरी चेंडू देऊन गेली. "अम्मा, रोज सौ बार दबाना है." आई तिच्यासमोर पाचदा दाबायची आणि ती गेली की चेंडू उशीखाली. मी बोलले की म्हणायची, "मी का लहान लेकरू आहो?" विहारात जाणंही तिने बंद केलं. वंदनेला दोन्ही हात जुळत नाहीत, लोक बघतात, म्हणाली. दीदीने मला फाटकाशी थांबवून सांगितलं की हेच दोन-तीन महिने महत्त्वाचे आहेत, अंगठा आत्ता चालला तर चालला. ते ऐकल्यापासून सिविल लाइंसच्या ऑफिसात बसूनही माझं लक्ष त्या अंगठ्यापाशीच असायचं. नवरा रेल्वेत, अर्धा आठवडा बाहेर. घरात आई, मी आणि तो चेंडू.

एका संध्याकाळी आई डाव्या हाताने टीव्हीचा रिमोट दाबून राहिली होती, अंगठा भराभर चाललेला. ते पाहिलं आणि मला रांझीचं, दारूगोळ्याच्या फॅक्टरीचं क्वार्टर आठवलं.

तुम्ही नागपूरहून आलेले आहात. हातात खोका, खोक्यात व्हिडिओ गेम. प्रवासाचे कपडेही न बदलता तुम्ही खाली बसलात, अँटेनाची वायर काढून गेमची लावली आणि चॅनेलचं चाक केसभर केसभर फिरवत बसलात. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मी म्हणते, "दिसलं, दिसलं!" तुम्ही म्हणता, "ते तुले दिसून राहिलं, मले नाही." मग एकदम निळं आकाश येतं आणि त्यात बदकं उडतात. सोबत प्लास्टिकची बंदूक आहे, नेम धरला की बदक पडतं. आई कणकेच्या हातांनी दारात उभी राहते. दोन बदकं पडेपर्यंत बघते, तिसऱ्याला म्हणते, "सकाळी पंचशील म्हणायचं आन संध्याकाळी जीव मारायचे? फॅक्टरीत काय बनवता ते मी विचारत नाही, पण माह्या घरात हे नाही चालायचं." तुम्ही तिला समजवायला जाता की ते खरं मरत नाही, फिरून उडते. "मंग मारता काहून?" ती विचारते. तुम्ही बंदूक खाली ठेवता. त्या दिवसापासून आपल्या घरात बदकं बंद आणि उडत्या थाळ्या फोडायला परवानगी, असा ठराव झाला. क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत असा ठराव आपल्याच घरी होता.

आईने स्वतःसाठी निवडला फुग्यांचा खेळ. दोन माणसं फुग्यांना लटकून उडतात, उजव्या अंगठ्याने बटण दाबत राहिलं की वर जातात, थांबलं की खाली येतात, आणि एकमेकांचे फुगे फोडायचे. "यात पाण्यात पडते, पण परत येते," असं तिचं म्हणणं. दुपारी तुम्ही ड्यूटीवर असताना भांडी आटोपून ती बसायची. तुम्हाला वाटायचं गेम पोरांसाठी आणला. बाबा, गेम आईचा होता. शेजारच्या बाया तिचा हात बघायला यायच्या.

आता माझा राग. मी अकरा वर्षांची होते. गेमचा अ‍ॅडॅप्टर तुम्ही वर कपाटात ठेवला होता आणि माझा हात पोचत नव्हता, म्हणून मी टेपरेकॉर्डरचा लावला. पिन बरोबर बसली. मग गेममधून करपल्याचा वास आला. तुम्ही पहिली पाळी करून आलात तेव्हा बाहेर कॅरमला चार जण जमलेले होते. तुम्ही मारलं नाही. मारलं असतं तर बरं, एव्हाना विसरले असते. त्या चौघांसमोर म्हणालात, "पिन बसली म्हणजे चालते असं नसते. विचारता येत नव्हतं काय? आजपासून या वस्तूले हात नाही लावायचा." ठीक आहे, नाही लावला. पंधरा दिवसांत तुम्ही तो कुणाकडून तरी बनवून आणला आणि दोनदा मला म्हणालातही, "ये, बस." मी अभ्यास आहे म्हणाले. तिसऱ्यांदा तुम्ही बोलावलं नाही. मी शिकले, नोकरीला लागले, तुम्ही गेलात, क्वार्टर सुटलं, आणि मी त्या गेमच्या डब्याला बोट लावलं नाही. हट्ट कुणाचा उचलला असेल ते तुम्हीच ओळखा.

तर तो डबा मी पेटीतून काढला. पिवळ्या पिनेचं उत्तर बाजारात मिळालं: काडेपेटीपेक्षा जराशी मोठी डबी, एका बाजूला पिवळं, लाल, पांढरं भोक आणि दुसऱ्या बाजूला चपटं. जुनं चित्र इकडून घेते, नव्या टीव्हीला तिकडून देते. तेवढ्यानेच मला वाटलं की मी जिंकले. पण पेटीत अ‍ॅडॅप्टर सापडला तो लाल रंग फासलेला. आता मला सांगा, तुमच्या घरात वाढलेल्या पोरीने लाल रंगाचा काय अर्थ घ्यावा? तुम्ही आयुष्यभर फॅक्टरीत मालाच्या तपासणीत होतात. लाल म्हणजे नापास, भंगारात टाका. लाइनीतली पोरं एकमेकांच्या रिपोर्ट कार्डालाही "लाल लागला" म्हणायची. मी तो बाजूला टाकला आणि इंटरनेटच्या डबीचा लावला. पिन बरोबर बसली. बटण दाबलं, बारीक टक् असा आवाज झाला आणि सगळं शांत.

पस्तीस वर्षांनी तीच चूक. मी तिथेच फरशीवर बसले. आईने कॉटवरून पाहिलं आणि म्हणाली, "ते लाल माह्या नखाचं पॉलिश होय. त्यांनी डब्यालेही लावलं होतं, याच्या भोकापाशी. लालले लाल. तुह्यासाठीच केलं होतं." मी डबा उलटा केला. भोकाच्या कडेला, नीट पाहिलं तर, लाल रंगाचा कण होता.

गढ्याच्या बाजारात एक म्हातारे मेकॅनिक आहेत, दुकानात अजून जुन्या टीव्हींची खोकी रचून ठेवलेली. त्यांनी डबा उघडला आणि बराच वेळ आत पाहत राहिले. "मैडम, ये फ्यूज और डायोड कंपनी का नहीं है. किसी ने बाद में डाला है. उल्टा करंट आए तो फ्यूज उड़ जाए, मशीन बच जाए. बड़ी सफाई का काम है." मग हसून विचारलं, "घर में कोई बच्चा था क्या, उल्टा-सीधा लगाने वाला?" मी म्हटलं, "था, भैया. मैं थी."

बाबा, तो आतला सोल्डरिंगचा डाग तुमच्याच हातचा होता ना? कुणाकडून बनवून आणला म्हणालात ते खोटं. हात लावायचा नाही असं चारचौघांत सांगितलंत आणि मी हात लावणारच हे धरून आत सोय करून ठेवलीत. हे तोंडाने सांगायला काय झालं होतं? मी दुकानात रडले, हे लिहायला मला लाज नाही. त्यांनी फ्यूज बदलला आणि मला स्टूल दिलं.

घरी आणून लाल अ‍ॅडॅप्टर लावला, आणि एवढ्या मोठ्या टीव्हीवर तो फुगेवाला आला. चित्र ताणलेलं, माणूस आडवा पसरलेला. आई म्हणाली, "हा काहून एवढा जाडा झाला?" ते सेटिंगमध्ये सरळ झालं. थाळ्यांची बंदूक मात्र काही केल्या चालली नाही. मेकॅनिक फोनवर म्हणाले, तिला जुन्या काचेच्या टीव्हीचाच उजेड समजतो, या पातळ टीव्हीचा नाही. आई म्हणाली, बरं झालं.

मग मी तिच्या मांडीवर उशी ठेवली, उशीवर खेळण्याचं ते बटणवालं हँडल, आणि उजवा अंगठा उचलून बटणावर ठेवला. तिने दाबलं. हललं, बाबा! अंगठा हलला, मी डोळ्यांनी पाहिलं. पण पडद्यावरचा माणूस जरा थांबून उडाला. तिने पुन्हा दाबलं, तो पुन्हा उशिरा उडाला, आणि तेवढ्यात त्याचा फुगा फुटला. असं आठ-दहा वेळा झालं. तिने हँडल खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "मी दाबते आता, ते उडते मंग. गेला माहा हात, बेटा. राहू दे." शांतपणे म्हणाली याचीच मला भीती वाटली. पुढचे दोन दिवस तिने चेंडूलाही हात लावला नाही आणि भाजीवाला आला तरी ती ओट्यावर गेली नाही. तिला बरं करायला मी जे आणलं त्यानेच तिची उरलीसुरली उमेद घालवली, असं मला वाटून राहिलं.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी ती आंघोळीला गेली आणि मी ते हँडल हातात घेतलं. अकराव्या वर्षानंतर पहिल्यांदा. बटण दाबलं. माणूस थांबून उडाला. पुन्हा दाबलं, पुन्हा थांबून. माझा अंगठा तर धडधाकट आहे! मी मोबाइलवर शोधलं, तर हे नव्या टीव्हींचं जुनंच दुखणं निघालं. ते चित्र आधी घासूनपुसून चकचकीत करतात आणि मग दाखवतात, त्यात क्षणभर जातो. सेटिंगच्या तळाशी "गेम मोड" म्हणून एक बारीकशी ओळ होती. ती लावली की टीव्ही घासणंपुसणं सोडून देतो. दाबलं की उडालं.

आई बाहेर आली तेव्हा मी म्हटलं, "आई, दोष टीव्हीचा होता, तुह्या हाताचा नाही." तिचा विश्वास बसेना. मी गेम मोड काढला, स्वतः खेळून दाखवलं, माझाही माणूस उशिरा उडाला. परत लावला. ती केस पुसता पुसता पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे यालेच झटका आला होता." मग टॉवेल खुर्चीवर टाकून खेळायला बसली, आणि जेवायचीही आठवण राहिली नाही.

त्याला आता दीड महिना झाला. ती रोज दुपारी बसते. चेंडू उशीखालीच आहे, पण दीदी म्हणते, राहू द्या, अम्मा का इलाज चल रहा है. अंगठा चांगला चालतो, त्याच्या शेजारचं बोट त्याला येऊन टेकतं, बाकीची तीन अजून आळशी आहेत. मागच्या आठवड्यात तिने उजव्या हाताने चहाचा कप उचलला, अर्धा सांडला, आणि सांडलेल्याचा दोष कपाला दिला. सगळं पूर्वीसारखं होईल असं दीदी म्हणत नाही. पण रोज थोडं होतं आहे, आणि मला तेवढं पुरतं.

हे कागद मी तिच्या औषधांच्या फाइलमध्ये ठेवून देणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवणार? फक्त एक गोष्ट लिहायची राहिली, ती आईला सांगितलेली नाही. काल ती म्हणाली, "एकटी काय खेळू, दुसरं हँडल घे." आम्ही एकमेकींविरुद्ध खेळलो. तिने माझे फुगे फोडले, लागोपाठ तीनदा. हँडल ठेवून तिने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि विचारलं, "मले बरं वाटावं म्हणून मुद्दाम हरून राहिली काय?" मी नुसती हसले. तिला वाटलं, असंच आहे. बाबा, मी जीव तोडून खेळत होते.