शाल आधी, आयन नंतर

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५. दुपारी सव्वाबारा, सौंसर.

कॉलेजात माझ्या भाचीचं, रेवाचं, व्याख्यान संस्थेच्या अध्यक्षांनी मध्येच तोडलं. चुंबकांनी कोंडलेल्या प्लाझ्माला, म्हणजे विद्युतभारित वायूला, तापवणारे वेगवान आयनच त्यात लाटा उठवतात आणि त्या लाटा त्यांनाच बाहेर फेकतात, इथवर ती आली होती. पहिल्या बाकावरची मुलगी उठली. "मॅडम, मग त्या लाटा थांबवाच्या कशा?"

"बस वं पोरी! सत्काराची वेळ होऊन राहिली," अध्यक्ष म्हणाले. सत्कार कोणाचा? त्यांचाच! रेवाच्या हातातला माइक काढून घेतला. चक्क हातातला! आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी यांना कोपऱ्यात उभं केलं असतं.

मुलीला उत्तर कोण देणार? रेवा शनिवारी परत जाते. उद्याच अध्यक्षांना पत्र देते: शुक्रवारी तिला पूर्ण तास देता की नाही, गुरुवारी दुपारी बाराच्या आत लेखी कळवा.