सिल्लेवानीच्या घाटातलं जेवण

मु. सिहोरा, ता. तुमसर
दि. १९ मे १९८१

चि. सौ. रुखमास,

यादोरावचा आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत. तुझी आणि धनीराम गुरुजींची खुशाली कळव. माझा ईश्वर काविळीनं गेला तेव्हापासून तुझ्या नावामागं ‘सौ.’ लिहिलं नव्हतं. आज लिहिताना हात थोडा थांबला, पण लिहिलं.

पांढरी गाय व्याली, गोऱ्हा झाला. तळं पार आटलं आहे. लोक म्हणतात, यादोरावानं सून घराबाहेर काढली. म्हणू दे. हे स्थळ मीच पाहिलं, मीच तुला छिंदवाड्याला पोहोचवलं.

आपली जीप चालवणारा भाचा परसराम गावभर हसून सांगतो, “मामाले घाटात जेवाले जागाच पसंत पडे ना!” खरं आहे. सावसरच्या हॉटेलात धूर होता. घाट लागला तेव्हा आंब्याखाली मुंग्या निघाल्या. पुढच्या नाल्याला पाणी नव्हतं. त्या वळणावरून तर खालचं सारं जंगल दिसत होतं, तिथं मी म्हटलं, वारा फार आहे. परसराम कावला, “मामा, पोटात कावळे वरडून राहिले!”

मग तूच जीप थांबवायला लावलीस. सागाखाली लुगडं अंथरलंस, पुऱ्या आणि वांग्याची भाजी मांडलीस, अन् परसराम पाणी आणायला गेल्यावर हळूच विचारलंस, “मामाजी, तुम्ही जागा पाहून राहिले का येळ काढून राहिले?”

मी पुरीचा तुकडा मोडत राहिलो.

“तुम्ही म्हणान तं परत फिरू. मले तुमचं घर काही जड नाही झालं.”

रुखमा, त्या वेळी ‘चल’ हा शब्द अगदी ओठावर आला होता. पण सव्वीस वर्षांची पोर तू. आम्ही दोघं किती दिवसांचे? म्हणून तेवढंच म्हटलं, “जेव. गुरुजी वाट पाहत असतीन.” तू रडत जेवलीस. मीही जेवलो. तशी चव पुन्हा तोंडाला आली नाही.

आपण निघालो त्या पहाटे तुझी सासू दारात आली नाही, ते मनाला लावून घेऊ नको. शिदोरी तिनंच रात्री बसून बांधली होती. मी परत आल्यावर ती माझ्याशी बोलत नव्हती. तुझ्या खोलीत जाऊन बसायची.

काल तांदूळ निवडता निवडता तिनं तोंड उघडलं.

“तिले लिवा. दिवाळीले माहेरी ये म्हणा.”

मी म्हटलं, “माहेरी?”

“मंग? तिले मायबाप आहेत का दुसरे?” एवढं बोलून तिनं सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. मी तिच्याजवळ बसून राहिलो.

तर ये. गुरुजींनाही घेऊन ये. लाजू नको, कोणाला भिऊ नको. मी तुमसरच्या स्टँडवर घ्यायला येईन.

तुझ्या माहेराहून,
तुझा बाप
यादोराव